दोन कॉर्ड, एकशे वीस चाली

माउरो जुलियानी हा इटालियन गिटारवादक १८०६ मध्ये व्हिएन्नाला जाऊन राहिला. बीथोव्हन त्याच शहरात होता, घरोघरी पियानोचं राज्य होतं, आणि अशा गावात हा माणूस सहा तारांचं, हळू आवाजाचं वाद्य घेऊन मैफली करत होता, नावही कमावत होता. १८१२ मध्ये त्याने शिकणाऱ्यांसाठी एक पुस्तक छापलं. त्याच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे १२० पाठ आहेत, सगळे आर्पेजिओचे, म्हणजे सूर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवण्याचे. क्लासिकल गिटार वाजवणाऱ्यांत आजही नुसतं ‘जुलियानीचे एकशे वीस’ म्हटलं की पुरतं. पानं चाळताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. डावा हात जवळजवळ जागचा हलत नाही. पाठ एकशे वीस आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, दोनच, सी मेजर आणि जी सेव्हन. सीला षड्ज मानलं तर पहिल्यात सा, ग, प. दुसऱ्यात प, नि, रे, म. आलटून पालटून हेच, आणि शेवटी परत सी.

मला यात त्या माणसाची मोठी समज दिसते. शिकवणाऱ्याला मोह असतो की विद्यार्थ्याला काहीतरी छान, गोड, लोकांना वाजवून दाखवण्यासारखं द्यावं. जुलियानीने स्वतः गोड रचना ढिगाने लिहिल्या. पण इथे त्याने चाल काढून घेतली, डाव्या हाताची करामत काढून घेतली, कॉर्डची नवलाई काढून घेतली. उरलं ते एवढंच: चार बोटं, सहा तारा आणि कोणत्या क्रमाने छेडायच्या. क्रम बदलला की तेच सा-ग-प वेगळं बोलतं. अंगठ्यापासून वर चढत गेलं की मोकळं वाटतं. वरून खाली आलं की काहीतरी मिटल्यासारखं. मधूनच सुरुवात केली की कान क्षणभर षड्ज शोधत राहतो. सूर तेच, जागा त्याच, फक्त कोण आधी आणि कोण नंतर.

आर्पेजिओ म्हणजे कॉर्डमधले सूर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवणं, एवढं सांगून पुस्तकं पुढे जातात. मला वाटतं गिटारवरची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. बासरीवर सा-ग-प वाजवलं तर ग आला की सा गेलेला असतो. गिटारवर डावा हात कॉर्डचा आकार धरून बसलेला असतो, त्यामुळे आधी वाजलेली तार वाजतच राहते. तिसरा सूर येईपर्यंत पहिले दोन हवेत असतात, एक जरा विरलेला, दुसरा ताजा. ऐकणाऱ्याला चाल ऐकू येते आणि त्याच वेळी कॉर्डही. इलेक्ट्रिक गिटारवर, जॅझमध्ये आर्पेजिओ पुष्कळदा एकेका सुराचा वाजवतात, पुढचा सूर आला की आधीचा दाबून टाकतात. ती विद्या वेगळी आणि मोठीच आहे. मी लिहिते आहे ती नायलॉनच्या तारांच्या, नखांनी छेडायच्या गिटारबद्दल, जिथे गेलेला सूर जात नाही.

हे मला लवकर पटलं त्याला घरचं कारण आहे. आई गाणं शिकवते. घरात मिरजेचा तंबोरा आहे, आणि शाळेत असताना संध्याकाळी तिच्या मागे बसून तो छेडायचं काम माझं. मिरजेत हा तंतुवाद्यांचा धंदा दीडशे वर्षांहून जुना. शस्त्रं घडवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तो उभा केला, पंढरपूरकडचे भोपळे आणून. आईने शिकवलेला पहिला नियम असा की मधल्या बोटाने पंचम, म्हणजे प, आणि तर्जनीने उरलेल्या तिन्ही, दोन जोडाच्या, म्हणजे सा च्या, आणि एक खर्जाची, खालच्या सा ची. बोट तारेवर आपटायचं नाही, तारेवरून घसरून जाऊ द्यायचं. आणि दुसरा नियम, जो मला तेव्हा फार अवघड गेला: तबला सुरू झाला तरी तंबोरा लयीत छेडायचा नाही. त्याची चाल त्याची. चार तारा, चार वेळा, पुन्हा चार वेळा. पंचम वाजतो तेव्हा मागच्या फेरीतला खर्ज अजून विरलेला नसतो. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घासणी, नीट काढलेली असेल तर खर्जातून गांधार, म्हणजे ग, आपोआप वर येतो. तो कुणी वाजवत नाही, कुठल्या तारेत नाही, तरी असतो. स्वयंभू गांधार. आई गाताना मधेच थांबून डोळ्यांनी विचारायची, आला का? मी मान हलवायची.

तेव्हा गिटारच्या क्लासला गेले तोवर एक गोष्ट कानाला ठाऊक होती, की चार तारा ओळीने छेडल्या तर त्यांच्यामधून पाचवी गोष्ट निघते. हार्मनी, म्हणजे अनेक सुरांची एकत्र जुळणी, मात्र ठाऊक नव्हती, म्हणजे तिचं नाव ठाऊक नव्हतं. कानावर ती लहानपणापासून पडत होती. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिनांचे थर, गिटारचे कॉर्ड, मागची पियानोची भरणी, यातलं पुष्कळसं काम गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. रेडिओवर नाव संगीतकाराचं यायचं, पण आपल्या कानाला कॉर्ड कसा बदलतो हे शिकवलं या लोकांनी, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेल्यांनी. माझे गिटारचे सर माहीमचे, त्याच परंपरेतले. वडील ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. सर मराठी बोलत, पण कोकणीतला ‘गो’ काही सुटला नव्हता. “आधी ऐक गो, मग वाजव,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सरांनी उजवा हात बसवला तो तासन्‌तास. बोटांना अक्षरं आहेत, स्पॅनिश नावांवरून: अंगठा पी, तर्जनी आय, मधलं बोट एम, अनामिका ए. करंगळी बसून राहते. अंगठ्याकडे खालच्या सुरांच्या तीन तारा, बाकी तिघांकडे एकेक. तार छेडून बोट तळहाताकडे हवेत निघून जातं. दुसरी पद्धतही आहे, छेडलेलं बोट शेजारच्या तारेवर जाऊन टेकायचं, त्याने सूर जाड आणि भरदार येतो. पण आर्पेजिओत ती चालत नाही, कारण टेकलेल्या बोटाखाली शेजारची तार मरते, आणि शेजारची तार जिवंत ठेवणं हेच तर इथलं काम.

मग येतं बोट आधी टेकवून ठेवणं. वर चढणाऱ्या आर्पेजिओत अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका चारही आपापल्या तारेवर आधीच बसतात आणि एकेक करून निघतात. अंधारात जिना उतरताना पायरी आधी पायाने चाचपून मग भार टाकावा, तसं. वरून खाली येताना एकेकच बोट टेकवायचं, एक सुटलं की पुढचं बसतं. याने हात स्थिर होतो, आवाज एकसारखा येतो, वेग आपोआप येतो. पण याची एक किंमत आहे, आणि ती मला सरांनी सांगायच्या आधी कानाने सांगितली. टेकलेलं बोट वाजणारी तार थांबवतं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक बारीकशी चिर पडते, सगळ्या तारा एकदम गप्प, मग परत सुरू. तंबोऱ्याशी वाढलेल्या कानाला ती चिर खुपते. सर म्हणाले, ती ऐकू येते आहे ना, मग आता हळूहळू बोट उशिरा टेकवायला शीक, अगदी वाजवायच्या क्षणी. आधी आधारासाठी टेकवायचं आणि मग तो आधार जवळजवळ शून्यावर आणायचा. माझ्या मते आर्पेजिओच्या रियाजात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. वेगाचं नंतर बघता येतं.

अनामिकेची गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या, आणि आता अनामिका उचलून बघा. उचलत नाही, किंवा अगदी केसभर. मनगटाच्या पुढे, हाताच्या पाठीवर बोटं उचलणारे जे स्नायुबंध आहेत ते शेजाऱ्यांशी पट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि अनामिका दोन्हीकडून बांधलेली. म्हणून एम आणि ए आलटून पालटून वाजवणं प्रत्येकाला जड जातं, त्यात कुणाच्या हुशारीचा संबंध नाही. अनामिका पट्ट्या तोडून मोकळी होत नसते. रियाजाने ती हलक्याने, थोडक्यात काम करायला शिकते, आणि मधलं बोट तिला वाट द्यायला शिकतं. इथे जबरदस्ती करणं धोक्याचं आहे. ताणून, दुखत असताना, वेगाने तेच तेच करत राहिल्याने कायमचे हात गमावून बसलेले वादक जगभर आहेत. दुखलं की थांबायचं. आमच्या सरांच्या क्लासमध्ये यावर चर्चा नव्हती, गिटार काढून ठेवावी लागायची.

नखांचं प्रकरण घरात वर्षानुवर्षं चाललं. डाव्या हाताची नखं पार कापलेली, उजव्या हाताची वाढलेली आणि तासून गोल केलेली, हे बघून लग्नकार्यात एखादी मावशी हात हातात घेऊन हमखास विचारते. नख तारेला नुसतं लागून चालत नाही. आधी बोटाचं टोक तारेला लागलं पाहिजे, मग तार मांसावरून घसरत नखाच्या कडेवर यावी आणि तिथून सुटावी. कडेला सुईएवढी जरी खाच असली तरी सुरात खर्र येतं. नेलफाइलने ती जात नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणावा लागतो, आधी सहाशे नंबरचा, मग त्याहून बारीक, आणि नखाची कड उजेडात चमकेपर्यंत घासावी लागते. भांडी घासताना उजव्या हातात हातमोजा. हे सगळं कशासाठी, तर आर्पेजिओतले चार सूर चार माणसांनी वाजवल्यासारखे वाटू नयेत म्हणून. चाल वाजवताना थोडं कमीजास्त झालं तर भावनेच्या नावावर खपून जातं. आर्पेजिओ उघडा असतो. एक नख वाकडं असलं की प्रत्येक फेरीत त्याच जागी ते ऐकू येतं.

या तारा नायलॉनच्या आहेत हेही तसं अलीकडचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टिनने नायलॉनच्या तारा करून बघितल्या आणि स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. जुलियानीच्या बोटांखाली होती ती आतड्याची तार. ती लवकर झिजायची, लवकर बेसूर व्हायची. त्याच्या विद्यार्थ्यांनी दोन कॉर्डचे एकशे वीस पाठ किती वेळा तार पिळत वाजवले असतील, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

आता लयीबद्दल. मेट्रोनोम सगळे लावतात, मीही लावते. पण मला जमलं ते ठेक्याने. पी-आय-एम-ए-एम-आय, ही सहा स्वरांची फेरी दादऱ्यात, सहा मात्रांच्या तालात, चपखल बसते. पहिल्या मात्रेला, समेच्या धा वर, अंगठा, आणि चौथ्या मात्रेला, जिथे तालाची ‘खाली’ ही हलकी जागा येते, तिथे अनामिका. तबल्याच्या ॲपवर दादरा लावायचा, विलंबित, आणि बोटांची अक्षरं बोलांसारखी तोंडाने म्हणत वाजवायचं. तोंडाने म्हणता आलं नाही तर हाताने येत नाही, हे तबलजी लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. मग त्याच ठेक्यावर चार स्वरांची फेरी, पी-आय-एम-ए. सम आणि अंगठा आता दर फेरीला भेटत नाहीत, बारा मात्रांनी भेटतात. मधल्या काळात कधी तर्जनी, कधी अनामिका ठेक्याच्या वजनाखाली येते, आणि तिने घाबरून जोरात वाजवायचं नसतं. चारही बोटं सारख्या वजनाची झाली आहेत की नाहीत हे बघायला याच्याइतकी कडक परीक्षा मला माहीत नाही.

ब्राझीलचा संगीतकार व्हिया-लोबोस याने सेगोव्हियासाठी बारा एट्यूड, म्हणजे रियाजासाठीच्या रचना, लिहिले, त्यातला पहिला सबंध आर्पेजिओचा आहे. तरुणपणी हा माणूस रिओच्या रस्त्यांवर शोरो हे तिथलं लोकप्रिय संगीत वाजवणाऱ्यांबरोबर गिटार घेऊन हिंडलेला, आणि ते त्या हातात दिसतं. एका मापात, म्हणजे बारमध्ये, सोळा सूर, आणि प्रत्येक माप दोनदा. क्रम असा: पी आय पी आय पी एम आय ए, एम ए आय एम पी आय पी आय. मी तो पहिल्यांदा तीनतालाच्या सोळा मात्रांवर मांडून बघितला तेव्हा हरखून गेले. नवव्या मात्रेवर, जिथे ‘खाली’, तिथे मधलं बोट येतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना, आठव्या आणि दहाव्या मात्रेवर, अनामिका. म्हणजे फेरीचा सगळ्यात उंच सूर ‘खाली’च्या आधी एकदा आणि नंतर एकदा लागतो, ‘खाली’च्या मात्रेवर स्वतः लागत नाही. व्हिया-लोबोसला तीनतालाशी काही देणंघेणं नव्हतं. पण माझ्या हाताला त्या सोळा सुरांत कुठे आहोत हे यामुळे कळायला लागलं, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या मापातच मी वाहून जायची. पुढे डाव्या हाताचा एकच आकार एकेक पडदा (फ्रेट) खाली सरकत येतो, दोन्ही टोकांच्या ई तारा मोकळ्या वाजत राहतात, आणि दर पावलाला त्या मोकळ्या तारांशी नवं भांडण होतं. कॉर्डचं नाव काय, हे विचारायची गरजच पडत नाही. उजवा हात तोच क्रम विणत असतो आणि कान ते भांडण ऐकत असतो.

पण नुसते सारख्या वजनाचे सूर म्हणजे संगीत झालं असं कोण म्हणेल? कार्कासी या जुन्या गिटारवादकाच्या ओपस ६० मधला ए मेजरचा तिसरा एट्यूड समोर आला की सगळं उलटं करावं लागतं. १८३६ चं हे पुस्तक, पंचवीस एट्यूड, जगभर शिकवतात. इथे वरच्या तारेवर चाल आहे, ती अनामिकेकडे. म्हणजे जिला आपण इतके दिवस सांगितलं की तू बाकीच्यांसारखी हो, तिलाच आता सांगायचं की तू गा, बाकीचे हळू. सोर या दुसऱ्या जुन्या गिटारवादकाचा बी मायनरमधला एट्यूड तर याहून नाजूक, चाल आणि भरणी एकाच धाग्यात, आणि चाल कुठली हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे पण दाखवून दिल्यासारखं वाटता कामा नये. मी हे दोन्ही वर्षानुवर्षं वाजवते आहे आणि मला कंटाळा आलेला नाही.

आजकाल शिकायला येणारी मुलं मोबाइलवर एक आकडा दाखवतात. मिनिटाला इतके ठोके, त्याच्या चौपट सूर. आणि दुसरीकडे परीक्षा. वर्षाला एक ग्रेड, तीन तुकडे पाठ, आर्पेजिओ दोन सप्तकांत वर जाऊन खाली, झालं. मुलांचा यात दोष नाही, पालकांना प्रमाणपत्र हवं असतं आणि क्लासला विद्यार्थी. पण परीक्षेतला आर्पेजिओ धावण्याची शर्यत होऊन बसतो, त्यात सूर राहू देण्याला जागाच नसते. माझ्याकडे जी दोन-चार मुलं येतात त्यांना मी पहिले काही आठवडे एक कॉर्ड देते. एक. चारही सूर वाजवून हात उचलायचा आणि कोणता सूर शेवटपर्यंत टिकतो ते सांगायचं. बहुतेक वेळा खालचा. कधीकधी खोलीतलं भांडं किंवा खिडकीची काच एखाद्या सुराला साथ देते, मग मुलं ती काच शोधायला उठतात. उठू दे.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं आणि सगळ्यात जास्त शिकवलं ती, म्हणजे गांधार.

गिटारच्या घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतचं अंतर साधारण ६५० मिलिमीटर. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ वर. पहिला पडदा वरून साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर, आणि पुढचा प्रत्येक पडदा ठरलेल्या प्रमाणात जवळ जवळ येत जातो. सप्तकाचे बारा सारखे भाग. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, राग बदलला की सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. त्यामुळे गिटारवरचा गांधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गांधारापेक्षा चढा असतो. दोन शेजारच्या पडद्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर जवळपास चौदा भागांनी. हार्मोनियमबद्दल आपल्याकडे जो वाद झाला, ज्या वादात आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्या पेटीला दार बंद ठेवलं, त्यातला एक मोठा मुद्दा हाच.

स्ट्रमिंग करताना, म्हणजे सगळ्या तारा एका फटक्यात छेडताना, हा फरक गर्दीत लपतो. आर्पेजिओत लपत नाही. षड्ज वाजतो, राहतो, त्याच्यावर गांधार येऊन बसतो, आणि दोघांना एकमेकांबरोबर राहायला पुरेसा वेळ असतो. जी मेजरचा आर्पेजिओ हळू वाजवला की माझा कान म्हणायचा, दुसरी तार चढली आहे. मग मी ती किंचित उतरवायची. जी मेजर असा काही गोड व्हायचा की बस. आणि मग ई चा कॉर्ड वाजवला की तीच तार, जी मघाशी गांधार होती, ती आता पंचम. उतरवलेला पंचम ऐकवत नाही. पंचम तर तंबोऱ्याची पहिली तार, तिथे कुणी तडजोड करत नाही. सरांकडे हे घेऊन गेले तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत, माझी गिटार घेऊन सगळ्या मोकळ्या तारा परत लावल्या, आणि म्हणाले, “कुठल्याही एका कॉर्डला खूश करू नको. सगळ्यांना थोडं थोडं नाराज ठेव.”

मी हे ऐकलं, पाळलं, पण आईच्या घरात ते पुरतं पटलं कधीच नाही. आणि मला ते पटावं असंही वाटत नाही. दोन कान बाळगावे लागतात. एक कान कॉर्ड कुठून निघून कुठे चालला आहे ते ऐकतो, त्याला प्रवासासाठी सगळ्या सुरांनी जरासं सोसावं लागतं हे मान्य आहे. दुसरा कान एका जागी बसून, एका षड्जाशी, सूर पूर्ण जुळण्याची वाट बघतो. आर्पेजिओत हे दोन्ही कान एकाच वेळी जागे असतात, आणि म्हणून मला या रियाजाची ओढ आहे. चाली वाजवताना मी पहिल्या कानाने ऐकते, आईच्या मागे बसल्यावर दुसऱ्या.

सध्या मी बाखचं एक छोटं प्रिल्यूड वाजवते आहे. ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी म्हणून लिहिलेलं, मूळ सी मायनरमध्ये, योहान पीटर केल्नर नावाच्या माणसाने उतरवून ठेवलेल्या प्रतीमुळेच आपल्यापर्यंत आलेलं. गिटारवाले ते डी मायनरमध्ये घेतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आर्पेजिओचा एकच आकार, आणि गंमत अशी की ते घरी परत येतच नाही. डीवरून निघतं आणि ए मेजरवर थांबतं. डीला षड्ज मानलं तर पंचमाच्या कॉर्डवर. पुढे काहीतरी यायचं असावं असं ते थांबणं आहे, आणि पुढचं काही नाही.

परवा मी ते वाजवत होते तेव्हा आई शिकवणीसाठी तंबोरा लावत होती. तिची पट्टी, म्हणजे तिचा षड्ज, पेटीवरची पांढरी सहा. म्हणजे ए. मी शेवटच्या मापाशी पोचले आणि तिचा तंबोरा लागला, आणि जो कॉर्ड अधांतरी राहायचा तो तिच्या षड्जावर येऊन बसला. सा, ग, प.

“गांधार चढा आहे,” आई म्हणाली, तारेवरून हात न काढता.

“पडद्यावरचा आहे तो. हलत नाही.”

“दुसरीकडे नाही का कुठे हा गांधार?”

आहे. दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्याऐवजी तिसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर. तिथे तार हाताखाली जास्त मऊ पडते, आणि दाबलेलं बोट घोडीच्या दिशेने रेटलं तर सूर थोडा उतरतो. पाचवी तार मोकळी, पहिली तार मोकळी, दोन्ही तिच्या षड्ज-पंचमात. मधे हा एक गांधार. मी अंगठ्याने ए वाजवला, तो राहू दिला, मग गांधार, बोट रेटत रेटत.

“थोडा जवळ आला. पंचम घाईने घेतेस, त्याला उतरायला वेळच मिळत नाही. परत.”

मी परत वाजवलं. तिच्या दोन विद्यार्थिनी दारात चपला काढत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

“अजून किंचित खाली,” आई म्हणाली. “आणि खर्ज जरा हळू.”